मदत हवी आहे: डॉलीचं १९७४चं कोणतं, १९८२चं कोणतं?

मंडळी, जरा कान उसने द्या. अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणं. व्हिटनी ह्यूस्टननं १९९२ला गायलेलं नव्हे, मूळ कंट्री (अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताचं) गाणं, तिचा सहगायक पोर्टर वॅगनर याची साथ सोडताना लिहिलेलं. डॉलीचं ते १९७४ला आलं, १९८२ला तिनं पुन्हा गायलं, आणि दोन्ही वेळा कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं! याच गाण्याचं १९९५चं द्वंद्वगीत व्हिन्स गिलच्या आवाजामुळे लगेच कळतं. पण आधीची दोन माझ्या फोनवर वर्षाशिवाय पडली आहेत. शेवटचं कडवं डॉली गात नाही, नुसतं बोलते. माझा जीव तिथेच अडकतो (व्हिटनी तेच गाते, मला नाही रुचत). वाद्यांवरून की आवाजावरून, ही दोन वेगळी कशी ओळखायची?