सगळे उंदीर सारखे नसतात
"मेंदूच्या एखाद्या भागात ग्लुकोजचा वापर घटला म्हणजे तिथल्या चेतापेशी मेल्या" हे विधान अल्झायमरच्या अभ्यासासाठी जनुकं बदलून तयार केलेल्या उंदरांना सरसकट लावू नका. १९९६ च्या टीजी२५७६ नावाच्या उंदरांत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) भरपूर साचतं, पेशी मात्र फारशा मरत नाहीत. २००६ च्या फाइव्ह-एक्स-फॅड नावाच्या उंदरात अल्झायमरशी जोडलेली पाच उत्परिवर्तनं (जनुकांतले बदल) एकत्र आहेत. दोन महिन्यांतच अमायलॉइडचे साठे दिसू लागतात आणि पुढे कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या) पाचव्या थरातल्या पेशी खरोखर गळतात.

शिवाय पेट स्कॅनवर (मेंदूत कुठे किती ग्लुकोज ओढलं जातं ते दाखवणाऱ्या तपासणीत) दिसणारं ग्लुकोज एकट्या चेतापेशींचं नसतं. २०२१ मध्ये म्युनिकच्या गटाने उंदरांच्या मेंदूतल्या पेशी वेगळ्या करून मोजलं, तेव्हा पेशीमागे सर्वांत जास्त ग्लुकोज ओढत होत्या त्या चवताळलेल्या मायक्रोग्लिया (मेंदूतल्या प्रतिकारपेशी)! म्हणजे चेतापेशी कमी होत असतानाही स्कॅन उजळ दिसू शकतो. नुसत्या स्कॅनवरून औषध लागू पडलं असं कुणी म्हणालं, तर मेंदूचे काप काढून पेशी मोजल्यात का, हे आधी विचारा.