बोन्सायसाठी घरी काँक्रीटचा उथळ ट्रे करताना येणाऱ्या अडचणी : मदत हवी आहे

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी नाशिकला राहते आणि गेली चौदा वर्षे गच्चीवर बोन्साय करते. वड, नांद्रुक, उंबर, चिंच आणि दोन बोगनवेली आता मातीच्या कुंड्यांतून उथळ ट्रेमध्ये हलवण्याजोग्या झाल्या आहेत. ट्रेची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी असावी, हा सर्वांना ठाऊक असलेला ठोकताळा धरला, तर माझ्या नांद्रुकाला ४५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ८ उंच असा ट्रे लागतो. त्या मापाचा सिरॅमिकचा ट्रे एकदा बाहेरगावाहून मागवला होता, तो तडकलेलाच हाती आला. म्हणून सिमेंटचा ट्रे घरीच करावा असे ठरवले आणि मार्चपासून दोन ट्रे केले. दोन्ही फसले, परंतु वेगवेगळ्या कारणांनी, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या ट्रेसाठी प्लायवूडचे दोन खोके केले, एक बाहेरचा आणि एक आतला, दोहोंमध्ये अडीच सेंटीमीटरची फट. आतल्या बाजूने खाद्यतेल लावले. एक घमेले सिमेंट आणि तीन घमेली क्रश सँड या प्रमाणातील माल, फटीत नीट उतरावा म्हणून, बराच पातळ कालवला. संध्याकाळी भरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खोके काढायला घेतले. बाहेरचा खोका सहज निघाला, पण आतला काही केल्या निघेना. हातोडीने हलकेच ठोकत असताना लक्षात आले की चारपैकी तीन कोपऱ्यांत केसासारखी उभी चीर आधीच गेलेली आहे. खोका काढेपर्यंत एक भिंत हातात आली. तुटलेल्या कडेवर नख ओढले तर वाळू भुरभुर गळत होती.

दुसरा ट्रे आमच्या ओळखीच्या गवंड्यांच्या सल्ल्याने केला. एकास दोन प्रमाण घेतले, पाणी कमी केले, भिंतीत कोंबडीजाळी घातली आणि आतल्या खोक्याऐवजी थर्मोकोल वापरले. सात दिवस ओले गोणपाट गुंडाळून पाणी मारले. हा ट्रे दिसायला देखणा झाला आहे. त्यात मे महिन्याच्या अखेरीस नांद्रुक लावले. पाऊस सुरू झाल्यावर फूट चांगली आली, मात्र जुलैच्या मध्यापासून नवीन पाने पिवळी पडू लागली. पान पिवळे आणि शिरा हिरव्या, अशी ती दिसतात, जुनी पाने मात्र हिरवीच आहेत. ट्रेच्या बाहेरच्या बाजूला आणि छिद्रांभोवती पांढरी पापडीही धरते. खरवडून काढली की पंधरा दिवसांत पुन्हा येते. मी दोनदा हिराकसाचे (फेरस सल्फेटचे) पाणी मातीत घातले, काही फरक पडला नाही.

माझ्या मते हा सिमेंटमधल्या चुन्याचा परिणाम आहे. तरी जाणकारांनी कृपया तीन गोष्टींवर मार्गदर्शन करावे. कोपऱ्यांना चीर जाऊ नये म्हणून साच्यात नेमका काय बदल करावा? चुना निघून गेला आहे हे झाड लावण्यापूर्वी घरच्या घरी कसे ओळखावे? आणि आता या ट्रेमधले झाड काढावे की त्यातच सावरावे? ट्रेचे वजन अकरा-बारा किलो भरते, तेही कमी करता आले तर हवेच आहे, पण ती गोष्ट दुय्यम आहे.

प्रतिसाद :

मी स्थापत्य अभियंता आहे, बोन्सायमधले मला फारसे कळत नाही, म्हणून केवळ ट्रेविषयी लिहितो. पहिल्या ट्रेत आपल्याकडून एकच नव्हे, तीन चुका झाल्या आणि त्या एकमेकींना पूरक ठरल्या. सिमेंटचा माल सुकताना आकसतो. बाहेरच्या खोक्यापासून तो आत सरकतो, त्यामुळे तो खोका सहज निघतो. आतल्या खोक्यावर मात्र तो आवळत जातो, आणि प्लायवूड दबत नसल्यामुळे सगळा ताण काटकोनी कोपऱ्यांत एकवटतो. चीर तिथेच जाणार. त्यात माल पातळ, म्हणजे आकसणे अधिक आणि ताकद कमी. वाळू भुरभुरणे हीसुद्धा जास्त पाण्याचीच खूण आहे.

आपल्या मापाच्या ट्रेला साधारण साडेतीन किलो सिमेंट, सात किलो चाळलेली वाळू आणि दीड लिटर पाणी पुरते. पाणी मोजूनच घाला, वाळू ओली असेल तर आणखी कमी. कालवलेला माल मुठीत दाबला असता त्याचा लाडू वळला पाहिजे, परंतु बोटांतून पाणी ओघळता कामा नये. असा माल अरुंद फटीत ओतता येत नाही, म्हणूनच लोक पाणी वाढवतात आणि फसतात. त्यापेक्षा ट्रे उपडा करा. फळीवर ओल्या वाळूचा, ट्रेच्या आतल्या पोकळीच्या आकाराचा, ढीग दाबून घ्या, कोपरे गोलसर ठेवा, वर प्लास्टिकचा कागद अंथरा आणि त्यावर थापीने एक सेंटीमीटरचा थर द्या, मग कोंबडीजाळी, मग पुन्हा थर. सुकताना माल आकसला तरी वाळू दबते, चीर जायला कारणच उरत नाही. ट्रेचा तळ वर असल्यामुळे पायही त्याच वेळी बसवता येतात. जेथे छिद्रे हवीत तेथे वाळूचा माथा किंचित उंच ठेवा, म्हणजे ट्रे सुलटा केल्यावर आतला तळ छिद्रांकडे उतरता होईल आणि पाणी साचणार नाही. जाळीचे टोक कोठेही बाहेर डोकावू देऊ नका, तेथूनच गंज शिरतो.

सात दिवसांचे पाणी साध्या पोर्टलँड सिमेंटला चालते, फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस आणि नाशिकच्या उन्हाळ्यात चौदा दिवस द्यावेत. तरीही आपल्या कामासाठी मी हेच दुसरे, म्हणजे पीपीसी, सिमेंट सुचवेन, कारण त्यातली राख सिमेंटच्या सुट्या चुन्याशी संयोग पावते आणि बाहेर झिरपायला चुना कमी उरतो. भिंतीची जाडी दीड सेंटीमीटरपर्यंत आणली तर वजनाचाही प्रश्न बराचसा सुटेल. जाळी घातलेल्या भिंतीला तेवढी जाडी पुरते.

थोडे विषयांतर होईल, पण या निमित्ताने सांगावेसे वाटते. लोखंडी जाळीवर सिमेंट थापण्याचे पेटंट १८६७ साली जोझेफ मोन्ये या फ्रेंच माळ्याने घेतले, तेही बागेतली झाडे लावण्याच्या पिंपांसाठी. आम्ही ज्या सळईच्या काँक्रीटवर पूल उभारतो, त्याच्या मुळाशी अशी एक कुंडी आहे.

प्रतिसाद :

मी ठाण्याला असतो आणि माझ्याकडे सिमेंटच्या नऊ ट्रेमध्ये झाडे आहेत, त्यांपैकी सर्वांत जुना ट्रे अकरा वर्षांचा आहे. आपण वर्णन केलेली पाने लोहाच्या कमतरतेची आहेत, यात मला शंका नाही. लोह मातीत असतेच, परंतु माती अल्कधर्मी झाली की ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. हिराकस मातीत घालून उपयोग झाला नाही, तोही याच कारणाने, कारण अशा मातीत त्यातले लोहही लगेच अविद्राव्य होते. तात्पुरता उपाय म्हणून अर्धा टक्का हिराकसाची, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम, फवारणी सायंकाळी पानांवर करावी. मातीत घालायचेच असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (सेंद्रिय संयुगात बांधलेले, म्हणून मातीत विरघळलेले राहणारे लोह) घ्यावे, साधे ईडीटीए प्रकारचे अल्कधर्मी मातीत टिकत नाही.

चुना ओळखण्यासाठी स्वयंपाकघरातली हळद पुरते. पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. ट्रेचा पृष्ठभाग ओला करून त्यावर पट्टी पाच मिनिटे दाबून धरली आणि ती कुंकवासारखी लाल झाली, तर ट्रे अजून तयार नाही असे समजावे. हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. एक पट्टी मात्र आपल्या बोअरच्या साध्या पाण्यात बुडवून तुलनेसाठी जवळ ठेवावी, कारण काही ठिकाणचे पाणीच जड असते आणि दोष ट्रेच्या माथी जातो. मी नवा ट्रे तीन आठवडे पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतो आणि दर तीन दिवसांनी पाणी बदलतो. त्यात त्याला पाणीही मारले जाते आणि चुनाही निघतो. व्हिनेगर किंवा आम्ल ओतून घाई करू नये, चुन्याबरोबर पृष्ठभागही खाल्ला जातो आणि वाळू उघडी पडते.

तरीही एक गोष्ट मला खटकते. आपल्या ट्रेवर जून आणि जुलैचा सगळा पाऊस पडून गेला आहे. एवढ्या धुण्यानंतर केवळ ट्रेमुळे पाने इतकी पिवळी पडावीत, हे माझ्या अनुभवात बसत नाही. आपण मातीचे मिश्रण काय घेतले आहे, आणि त्याच पाण्यावरची इतर झाडे कशी आहेत, हे कृपया कळवावे.

धागाकर्तीचे उत्तर :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. इतर सर्व झाडांना तेच बोअरचे पाणी मिळते. याच नांद्रुकाच्या फांदीपासून केलेले दुसरे रोप मातीच्या कुंडीत आहे आणि ते हिरवेगार आहे. मिश्रणात दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग लाल माती आणि एक भाग जुने शेणखत आहे. दोन्ही झाडांचे मिश्रण सारखेच आहे, असे लिहिणार होते, पण लिहिता लिहिता आठवले की या वेळी विटांचे तुकडे नेहमीच्या भट्टीवरचे नव्हते. आमच्या सोसायटीच्या कुंपणाची भिंत पाडली, तिच्या विटा मी फोडून घेतल्या होत्या.

प्रतिसाद :

मग हळदीची पट्टी ट्रेला लावण्यापूर्वी त्या तुकड्यांना लावा. विटेला चिकटलेला सिमेंटचा माल फोडला की आतून ताजा चुना उघडा पडतो, आणि तो ट्रेच्या भिंतीवर नव्हे, थेट मुळांमध्ये असतो.

धागाकर्तीचे उत्तर :

आज सकाळी पट्ट्या करून पाहिल्या. बोअरच्या पाण्यातली पट्टी पिवळीच राहिली. ट्रेच्या आतल्या बाजूला, माती थोडी बाजूला सारून लावलेल्या पट्टीवर जेमतेम नारिंगी झाक आली, बाहेर पापडीच्या जागी त्याहून थोडी गडद. मातीतून वेचून काढलेल्या विटांच्या तुकड्यांपैकी स्वच्छ तुकड्यांना काही झाले नाही. परंतु ज्यांच्या एका बाजूला बोटभर राखाडी माल चिकटलेला होता, ते पाट्यावर फोडून ओले केले, तेव्हा पट्टी मिनिटाच्या आत अशी लाल झाली की सूनबाईंनी हात कापला का म्हणून विचारले. असे तुकडे मोजले, मूठभर मातीत चार-पाच निघाले.

म्हणजे मी इतके दिवस ट्रेला बोल लावत होते. झाड उद्याच काढते, पावसाळा संपायच्या आत मुळे साध्या पाण्याने धुऊन भट्टीवरच्या विटांच्या चाळलेल्या तुकड्यांत, सध्या मातीच्या कुंडीत, परत लावते आणि पानांवर फवारणी सुरू करते. रिकामा झालेला ट्रे तीन आठवडे टाकीत बुडवून ठेवीन. तिसरा ट्रे वाळूच्या ढिगावर, पीपीसी घेऊन, दीड सेंटीमीटर जाडीचा करणार आहे. त्याबाबत एकच शंका उरली आहे : झाड बांधण्याच्या तारेसाठी तळाला चार बारीक छिद्रे लागतात, ती ओल्या मालात ठेवावीत की नंतर ड्रिलने पाडावीत?

प्रतिसाद :

ओल्या मालातच ठेवा. इतक्या पातळ तळाला ड्रिल लावले तर पलीकडच्या बाजूने टवका उडतो. शीतपेयाच्या नळीचे तुकडे तेल लावून वाळूत उभे खोचा आणि माल घट्ट होऊ लागला की, साधारण तीन-चार तासांनी, एकेक फिरवून काढा. पाण्याच्या निचऱ्याच्या दोन मोठ्या छिद्रांसाठी अडीच सेंटीमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे चालतील, तेही त्याच वेळी फिरवून काढावेत. आणि हातमोजे घाला, कारण ओले सिमेंट कातडी खाते आणि ते दुसऱ्या दिवशी कळते.