मागची सीट काढून हौदा वाढवायचा? मग बायकांनी बसायचं कुठं?

टोमॅटोवाली_जुन्नर
परवा 'भाडं_पहिलं' यांनी लिहिलं की छोट्या पिकअपमधली मागची सीट म्हणजे वाया घालवलेली जागा, कंपन्यांनी डबल केबिन, म्हणजे ही मागच्या सीटवाली गाडी, बनवणंच बंद करावं आणि ती जागा हौद्याला, म्हणजे मागं माल भरायच्या उघड्या भागाला द्यावी. वर शेवटी "माणसं न्यायची तर एसटी आहे". दोन दिवस गप्प बसले, पण ते एसटीचं वाक्य डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

आमच्या मळ्यावर एसटी येत नाही, डांबरी रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत आहोत. टोमॅटोच्या तोड्याला बायका पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून येतात, त्यांना सकाळी आणायचं आणि संध्याकाळी सोडायचं हे शेतकऱ्याचं काम. नाही आणलं तर दुसऱ्याची गाडी त्यांना घेऊन जाते आणि माल झाडावर लाल होतो. माझी डबल केबिन, एक टन पासिंग, म्हणजे कागदावर तेवढ्याच मालाची परवानगी. क्रेटमध्ये 20 किलो माल, क्रेटसकट 22 धरा, म्हणजे 45 क्रेट. सिंगल केबिनच्या 1.7 टनवालीत 75 च्या वर जातात हे मलाही माहीत आहे, नारायणगावच्या मार्केटला रोज शेजारी तीच उभी असते. पण त्याच गाडीत सकाळी बायका हौद्यात उभ्या राहून येतात, जाळीला धरून, थंडीत तोंडाला पदर बांधून. माझ्यातल्या चौघी बसून येतात, दार लावून. हा फरक हिशेबात कुठं धरलाय तुम्ही?

भाडं_पहिलं
ताई, एसटीचं वाक्य मागं घेतो, ते रागात लिहिलं गेलं. बाकीचं एक अक्षर मागं घेत नाही.

मी पिंपळगावहून वाशीला कांदा टाकतो, जाऊन येऊन 400 किलोमीटर. डिझेल, टोल, घाटातलं गिअर घासणं, सगळं एक टनाला तेवढंच आणि पावणेदोन टनाला थोडंसंच जास्त. भाडं मात्र क्विंटलवर मिळतं. हप्ता महिन्याच्या 5 तारखेला जातो, तो विचारत नाही गाडीत कोण बसलं होतं. माझ्या मागं रिकामी सीट असती तर मी दर ट्रिपला सात क्विंटल घरी ठेवून निघालो असतो. आणि कंपन्या काय येड्या आहेत का? 2022 ला टाटानं योद्धा 2.0 काढली ती दोन टनाची म्हणून, 2024 च्या सप्टेंबरला महिंद्राची वीरो आली ती 1.6 टनाची, पुढं तिघं बसतील अशी केबिन आणि मागं नुसता हौदा. बाजार कुठं चाललाय ते दिसतंय.

सीटवर एवढा जीव तोडताय तर ड्रायव्हरच्या केबिनवर पण कुणीतरी बोला. 1 ऑक्टोबर 2025 पासून ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, पण साडेतीन टनाच्या वरच्यांना. आम्ही त्याच्या आतले, म्हणून मे महिन्यात कसारा घाटात आम्ही इंजिनावर बसून शिजायचं. आम्हाला घाम येत नाही का?

गुलटेकडी_झेंडू
वजनावर भांडताय दोघं, आमचा प्रश्न जागेचा आहे. झेंडूचे क्रेट हौद्यात शिगोशीग भरले तरी अर्धा टन होत नाही. दसऱ्याच्या आदल्या रात्री डबल केबिन आणली की अर्धा माल शेतात राहतो. एकदा मी मागच्या सीटवर, पायाखाली, मांडीवर फुलं घेऊन पुण्याला गेलोय, उतरल्यावर दोन दिवस शिंकत होतो. मी भाडं_पहिलं यांच्या बाजूनं.

सौरपंप_फिटर
मी दोन्हीकडून मार खाल्लेला माणूस. सौर कृषीपंप बसवतो, सिन्नर येवला पट्टा. पॅनल साडेसात फुटी, डबल केबिनच्या पाच फुटी हौद्यात मावत नाही, फाळका पाडून बाहेर काढायचं, दोर मारायचा आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला देवाचं नाव घ्यायचं. पण मोठा हौदा घेतला तर हत्यारं कुठं ठेवू? ढाब्यावर चहा घेईपर्यंत हौद्यातून ड्रिल मशीन आणि क्रिम्पिंगचा पाना गेला, ताडपत्रीला कुलूप लागत नाही. म्हणून मागची सीट काढली, तिथं लोखंडी रॅक बसवलं, दार लॉक केलं की विषय संपला. माझ्यासाठी मागची केबिन म्हणजे तिजोरी.

मग आरटीओकडे पासिंगला, म्हणजे तपासणीला गाडी नेली तर परत पाठवली. नोंदणीच्या पुस्तकात पाच सीट, गाडीत दोन. आता पासिंगची तारीख आली की रॅक खोल, सीट बसव, दाखवून आण, परत सीट खोल. थायलंडमध्ये हायलक्स, डी-मॅक्स या पिकअप दीड केबिनमध्ये मिळतात, सीटच्या मागं कुलपातली जागा आणि हौदाही लांब. इथं कुणी का देत नाही?

कोर्टाची_पायरी
फिटरभाऊ, नोंदणीत लिहिलेल्यापेक्षा गाडी बदलायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली परवानगी लागते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच काढेल, रॅक खोलून टाका किंवा रीतसर नोंद करून घ्या.

आता मूळ मुद्दा. सीट म्हणजे आराम अशा भाषेत सगळे बोलताय, सीट म्हणजे विमा आहे हो. 1994 च्या दुरुस्तीनं मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस विम्याखाली आला. 2002 ला सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात सांगितलं की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. 2007 ला आणखी स्पष्ट झालं की मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसलेला. केबिनमध्ये! हौद्यात मालावर बसलेला स्वतःच्या मालाचा मालक असला तरी बाहेर.

माझी मावशी लग्नाच्या वऱ्हाडातून परत येताना पिकअपमधून पडली, मांडीचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं. विमा कंपनीनं हात वर केले. भरपाईचा आदेश गाडीमालकावर झाला आणि त्याच्याकडे हप्त्यावरच्या त्या गाडीशिवाय काही नव्हतं. मावशी अजून काठी घेऊन चालते.

भाडं_पहिलं
वाईट वाटलं वाचून. पण वऱ्हाड डबल केबिनमध्ये मावलं असतं का? चाळीस माणसं होती म्हणाल. 11 ऑगस्ट 2025 ला खेड तालुक्यात कुंडेश्वरला श्रावणी सोमवारच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप दरीत गेली. त्या गाडीला मागं सीट असती तर चार जणी आत बसल्या असत्या आणि बाकीच्या तिथंच, हौद्यात. सीटनं हा प्रश्न सुटत नाही, उगाच सीटच्या गळ्यात बांधू नका.

टोमॅटोवाली_जुन्नर
कुंडेश्वर आमच्याच जिल्ह्यातलं आहे. त्या बायकांचा दाखला देऊन सात क्विंटलचा हिशेब मांडू नका, मला ते सहन होत नाही.

चाळीस जणींना सीट पुरत नाही हे कुणीही सांगेल. मी रोजच्या चौघींबद्दल बोलतेय. मोठ्या अपघाताची बातमी येते, रोज एखादी खड्ड्यात आपटून फाळक्यावर तोंड फुटतं त्याची येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका मावशींचे पुढचे दोन दात असेच गेलेत, दुसऱ्याच्या गाडीत. त्या अजून हौद्याला हात लावताना थांबतात.

कोर्टाची_पायरी
दंड बघा म्हणजे कायद्याला कशाची किंमत आहे ते कळेल. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत जास्तीचा माल सापडला तर 20,000 रुपये आणि वर टनामागं 2,000. जास्तीचं माणूस सापडलं तर माणशी 200. कांदा जास्त भरायला ड्रायव्हर घाबरतो, बाई जास्त भरायला घाबरत नाही.

भाडं_पहिलं
ड्रायव्हर ड्रायव्हर काय लावलंय. मी नऊ वर्षांत हौद्यात एक माणूस घेतलेलं नाही. वाशीला रात्रीचं निघताना पोरं हात करतात, पाया पडतात, तरी घेत नाही, शिव्या खातो. माणसं भरतो तो शेतकरी आणि शिव्या भाड्यावाल्याला. 20,000 चा दंड मी भरलाय, तोही व्यापाऱ्यानं काट्यावर खोटं वजन सांगितलं म्हणून. मला कायदा शिकवू नका.

टोमॅटोवाली_जुन्नर
नऊ वर्षांत एकही घेतलं नसेल तर तुम्हाला हात जोडते, खरंच. पण शेतकरी हौसेनं भरतो का? एका गाडीची ऐपत आहे, तिच्यातच बायका, तिच्यातच खत, तिच्यातच माल, तिच्यातच सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचं. तुमची गाडी भाड्याची आहे, दिवसभर एकच काम करते. आमची घरची आहे. "बनवणंच बंद करा" म्हणालात तेव्हा आमचं घर धरलंच नाहीत.

डॅलसकर
इकडे उलटी बोंब आहे. फोर्डची मॅव्हरिक 2021 ला आली ती फक्त चार दारांची, हौदा साडेचार फूट, सुतार-प्लंबर लोक म्हणतात आम्हाला दोन दारं आणि लांब हौदा द्या. आणि सीटची खरी गंमत 1978 ची, सुबारूनं ब्रॅट नावाची छोटी पिकअप इकडे आणली, आयात ट्रकवर 25 टक्के कर आणि मोटारीवर अगदी थोडा, म्हणून त्यांनी हौद्यातच दोन प्लास्टिकच्या खुर्च्या वेल्ड केल्या आणि तिला प्रवासी गाडी ठरवलं. सीट कुठं असावी हे गिऱ्हाईक ठरवत नाही, कराचं पुस्तक ठरवतं.

गुलटेकडी_झेंडू
डॅलसचं राहू द्या दादा, इथं पाऊस पडला तर हौद्यात पाणी साचतं आणि झेंडू काळा पडतो, आमचा प्रश्न तो आहे.

कोर्टाची_पायरी
डॅलसकरांचा मुद्दा उडवून लावू नका. फिटरभाऊंनी थायलंड काढलं म्हणून सांगतो, 2017 ला तिथल्या सरकारनं सोंक्रानच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सणाच्या आधी पिकअपच्या हौद्यात आणि त्या दीड केबिनच्या मागच्या जागेतही माणसं बसवायला बंदी केली. लोक एवढे चिडले की काही दिवसांत सैल करावी लागली, कारण गावाकडे जायला दुसरं साधनच नव्हतं. नुसती दीड केबिन आणली तर इथंही त्या सामानाच्या जागेत दोन माणसं कोंबली जातील.

सौरपंप_फिटर
कोंबली जातील हे खरं, माझाच हेल्पर रॅकवर झोपून येतो. म्हणून म्हणतो, सीट उभी दुमडून मागच्या पत्र्याला लागेल अशी द्या. कारखान्यातूनच, म्हणजे पुस्तकात नोंद राहील आणि पासिंगला नाटक नको. सकाळी बाक पाडला की ताईंच्या चौघी, दुपारी बाक उचलला की माझी हत्यारं किंवा झेंडूचे क्रेट.

भाडं_पहिलं
दुमडली तरी पत्रा तिथंच राहतो ना. हौदा एक इंचानं वाढत नाही आणि पासिंग एक टनच राहतं. कांद्याला उपयोग शून्य.

पण ठीक आहे, "बंद करा" हा शब्द चुकला. दोन्ही बनवा, ज्याला जी लागते ती त्यानं घ्यावी. फक्त मला शोरूममध्ये डबल केबिन गळ्यात मारू नका, मागच्या वेळी "हीच लगेच मिळेल, दुसरीला तीन महिने" असं सांगून तीच देत होते, मी तीन महिने थांबलो आणि ते तीन महिने दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केली. माझा राग तिथला आहे.

टोमॅटोवाली_जुन्नर
हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढं लिहिलंच नसतं. कांद्याला तुमचीच गाडी बरोबर, हे मीही मान्य करते, जड जातंय पण करते. भाव चांगला असतो त्या आठवड्यात मीही 30 क्रेट दुसऱ्याच्या सिंगल केबिनला भाडं देऊन पाठवते आणि ते पैसे मला टोचतात. फिटरभाऊ, दुमडणारा बाक कुणी गॅरेजवाला नोंदीसकट करून देत असेल तर पत्ता कळवा.

उद्या तोडा आहे, पाच जणी येणार आहेत. चौघी केबिनमध्ये, पाचवीला मुलगा मोटारसायकलवर आणेल. हौदा जाताना रिकामाच जाईल.