फोटोच्या मधोमध नाव टाकावं का?

दांडियाबाजारकर: परवा पहाटे बडोद्याच्या सुरसागर तलावावर गेलो होतो. वारा नाही, महादेवाची मूर्ती पाण्यात उलटी उतरलेली, काठावर एक आजोबा कबुतरांना दाणे टाकतायत. फोटो झकास आला. कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव घालून टाकला. दुपारी तोच फोटो आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर 'शुभ सोमवार' होऊन परत! नावासकट खालची पट्टी कापलेली, तिच्याबरोबर आजोबाही गेले. वर गुलाबाचं फूल आणि भलत्याच कुणाचं नाव. तेव्हापासून मी नाव थेट मधोमध टाकतो. घरचे म्हणतात, फोटोची वाट लावतोस. तुमचं काय मत?

रंगरेषा: घरचे बरोबर बोलतात. फतेहसिंह म्युझियममध्ये जाऊन रविवर्म्याची चित्रं बघा. देवीच्या तोंडावर आडवी सही दिसते का कुठे?

दांडियाबाजारकर: त्याची सही उडवायची तर कॅनव्हास कापावा लागेल. माझी अंगठ्याने उडते.

पिक्सेलपंत: मधोमध टाकूनही फार फरक पडत नाही, दादा. 2017 मध्येच गूगलच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की एकच लोगो शेकडो फोटोंवर तसाच्या तसा असला तर संगणक ते फोटो ताडून लोगो वेगळा काढतो आणि खालचं चित्र जवळपास मूळ रूपात परत मिळवतो. दर फोटोत लोगो किंचित वेडावाकडा केला तर ते अवघड जातं, हेही त्यांनीच सांगितलं. आता तर पुसायची सोय मोबाइलमध्येच आलीय. मी नेटवर 1200 पिक्सेलची प्रत टाकतो, मोठी फाइल घरीच. नाव फिकट, आणि मोकळ्या आभाळावर कधीच नाही. आभाळ कुणीही सारवून टाकतं. पानांवर, जाळीवर, पाण्याच्या तरंगांवर पुसताना डाग राहतो. फाइलच्या आतल्या माहितीतही नाव भरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ते झडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतं.

रंगरेषा: म्हणजे चोराला अडवता येत नाहीच. मग बघणाऱ्याला शिक्षा का?

वाडीकर मावशी: माझंही ऐका. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला फोटोग्राफर बोलावला होता, रोख पैसे मोजून. त्या गेल्यावर त्यातलाच एक फोटो मोठा केला, तर पदरावर स्टुडिओचा लोगो, हा एवढा! श्राद्धाला हार घातला की आधी लोगोच्या गळ्यात पडतो.

कोर्टाची पायरी: मावशी, 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 तुमच्या बाजूने आहे. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणारा, वेगळा करार नसेल तर. दांडियाबाजारकर, तुमचं उलट आहे. तुम्ही स्वतःसाठी काढलात, म्हणजे हक्क तुमचाच, नाव टाका न टाका. पण नाव असलेलं बरं. हक्कधारकाची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली तर कलम 65-बी प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दांडियाबाजारकर: सोसायटीतल्या काकांना कैद? पाणी तोडतील ते माझ्या फ्लॅटचं! बरं, पुढचा फोटो पंतांच्या पद्धतीने, तरंगांवर. कोपऱ्यात मात्र पुन्हा जाणार नाही. मावशी, तुम्ही स्टुडिओतून बिनलोगोची फाइल मागून घ्या.

वाडीकर मावशी: गेले होते रे. तिथे आता सेव-उसळ मिळते.