जुन्या लॅपटॉपवर एकही संकेतस्थळ उघडत नाही, मदत हवी आहे (नवा घ्या सांगू नका)

दौतटाक
ब्राउझर उघडला की कुठेही जा, एकच उत्तर: कनेक्शन सुरक्षित नाही. मेल नाही, बँक नाही. गेल्या आठवड्यापर्यंत सगळं चालू होतं. वायफाय ठीक आहे, फोनवर सगळं दिसतंय.

नवा लॅपटॉप सुचवू नका. पाच वर्षांत दोनदा फोन बदलला. दोन्ही वेळा फोन बिघडला नव्हता, त्याला अपडेट येणं थांबलं होतं. दर वेळी सगळी बटणं नव्या जागी, सगळे पासवर्ड पुन्हा. कंटाळले आहे. या लॅपटॉपचा कीबोर्ड बोटांना पाठ आहे, चार स्क्रू काढले की आतलं सगळं हाताला लागतं, बॅटरी खिट्टी सरकवली की बाहेर येते. शुक्रवारी अनुवाद पाठवायचा आहे. लवकर सांगा.

खिडकीवाला
विंडोज कोणतं? ब्राउझर कोणता, कितवी आवृत्ती? संदेश जसाच्या तसा लिहा किंवा स्क्रीनशॉट टाका. एवढ्यावरून काही सांगता येणार नाही.

वेगवान
आता घेताना १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका आणि एसएसडी किमान ५१२ घ्या. ८ जीबीवाले वर्षभरात पस्तावतात.

दौतटाक
@वेगवान शीर्षक वाचा.
विंडोज ७. क्रोम. आवृत्ती १०९ दिसतेय. स्क्रीनशॉट कुठून टाकू, त्या लॅपटॉपवर काहीच उघडत नाही. फोनवरून लिहितेय.

पेंग्विनमित्र
मग प्रश्न सुटला. विंडोज काढून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका, तिची एक्सएफसीई ही जुन्या यंत्रांना झेपणारी हलकी आवृत्ती. माझ्या २०१० च्या लॅपटॉपवर चालते, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली तर यंत्र ओळखू येणार नाही. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमची १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती. तुमचं हार्डवेअर धडधाकट आहे, सोडून गेलंय ते सॉफ्टवेअर.

खिडकीवाला
शुक्रवारी काम द्यायचंय त्यांना, आणि तुम्ही आज ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला लावताय? शिवाय १०९ वर क्रोम २०२३ च्या सुरुवातीलाच थांबलं. त्या गेल्या आठवड्यापर्यंत वापरत होत्या. मग एका आठवड्यात सगळीच संकेतस्थळं बंद कशी होतील? कारण दुसरं आहे.

पेंग्विनमित्र
कारण दुसरं असलं तरी इलाज हाच. आज ना उद्या करावंच लागेल.

खिडकीवाला
हे प्रत्येक धाग्यावर लिहिता तुम्ही.

रीळ
अवांतर, पण दौतटाक यांचं म्हणणं अगदी पटलं. माझा कॅमेरा साध्या पेन्सिल सेलवर चालतो. सेल संपले की कुठेही मिळतात, त्यामुळे तो अजून हातात आहे. त्यानंतर घेतलेल्या कॅमेऱ्याची खास बॅटरी बनणं बंद झालं आणि तो पडून आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं, मग बाकीच्यांनीही काढलं. माझा चांगला हेडफोन तेव्हापासून अडगळीत.

वेगवान
@रीळ अडॅप्टर मिळतो की.

रीळ
मिळतो. हरवतोही. आधी त्याची गरजच नव्हती, एवढंच म्हणतोय.

घटिका
दौतटाक, लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?

दौतटाक
१ जानेवारी २००९! मी तिकडे बघतच नाही, मनगटावर घड्याळ असतं.

घटिका
मग हेच. प्रत्येक संकेतस्थळ ब्राउझरला आपली ओळख पटवणारं एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवतं, आणि त्याला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. लॅपटॉपच्या लेखी अजून २००९ आहे, म्हणजे कुठल्याच प्रमाणपत्राची मुदत सुरू झालेली नाही. म्हणून सगळंच नाकारतोय. संदेशात 'घड्याळ मागे आहे' असं काही होतं का?

दौतटाक
होतं. इतक्या वेळा 'जुनं झालंय, अद्ययावत करा' वाचलंय की हेही त्यातलंच वाटलं आणि पुढे वाचलं नाही.
तारीख बदलली. मेल उघडली!! मनापासून आभार.
पण तारीख आपोआप कशी बदलली?

घटिका
मधे लॅपटॉप बराच वेळ प्लगविना होता का? मुख्य बॅटरी लावलेली असते ना?

दौतटाक
बॅटरी वर्षापूर्वीच काढून ठेवली, फुगली होती. थेट विजेवर चालवते. गेल्या आठवड्यात चार दिवस बाहेर होते, प्लग काढून गेले होते.

खिडकीवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! मदरबोर्डवर घड्याळासाठी नाण्याएवढा सेल असतो, तो संपलाय. रोज वीज मिळत होती तोवर कळलं नाही. बहुतेक सीआर २०३२ असतो, पण लॅपटॉपमध्ये काही वेळा तोच सेल वायर आणि प्लगसकट येतो, तेव्हा उघडून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. आणि ती फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. भोसकू नका, नेहमीच्या कचऱ्यातही टाकू नका.

पेंग्विनमित्र
सेल बदला, ठीक. पण विंडोज ७ वरून बँक? हे मात्र मला खरंच धोक्याचं वाटतं. निदान पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघा, डिस्कला हात न लावता चालतं. कीबोर्ड तोच राहील.

खिडकीवाला
यावर सहमत. बँक फोनवरूनच करा. लॅपटॉपवर तूर्त फायरफॉक्स ब्राउझरची ११५ ईएसआर (दीर्घ पाठिंब्याची) मालिका टाका, ती विंडोज ७ वर चालते. मात्र ११५.१३ किंवा त्यापुढची घ्या. त्याआधीच्या आवृत्त्यांमधलं एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं, त्यांत ॲड-ऑन (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बंद पडतात.

दौतटाक
फायरफॉक्स टाकलं, चालतंय. बँक फोनवर करते, हे मान्य. मिंट शुक्रवारनंतर पेनड्राइव्हवरून बघेन, पण माझा शब्दकोश सीडीवरून टाकलेला विंडोजचा प्रोग्रॅम आहे, तो त्यावर चालला नाही तर मला मिंट नको.
प्लग काढून मागचं झाकण उघडलं. सेल काळ्या वेष्टनात आहे, लाल आणि काळी वायर, टोकाला छोटा पांढरा प्लग. वेष्टन कापून आत साधा सेल बसवू का?

घटिका
नको! त्या सेलला पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, साधा सेल आत धरून राहणार नाही. वायरसकट तयार मिळतो. प्लगचा जवळून फोटो टाका आणि लाल वायर कुठल्या बाजूला आहे ते लिहा, काही प्लगमध्ये उलटी असते.