मदत हवी आहे: को-ऑपरेटिव्ह प्रोग्रामच्या दानातून एकच खर्च वगळता येतो का?

आमची मंडळी (चर्च) टेक्ससमध्ये, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाशी जोडलेली. मी अर्थ समितीवर आहे. जमलेल्या दानातले १० टक्के आम्ही राज्य कन्व्हेन्शनमार्फत (संघाची राज्यपातळीवरची संस्था) को-ऑपरेटिव्ह प्रोग्रामला, म्हणजे मिशनकार्यासाठीच्या संघाच्या सामायिक निधीला, पाठवतो. कन्व्हेन्शनच्या २०२५ च्या डॅलस अधिवेशनात या निधीच्या १९ कोटी डॉलरच्या बजेटमधून ३० लाख आधीच कोर्टकचेऱ्यांसाठी बाजूला काढायचं ठरलं, आणि आमच्यात दोन तट पडले. परवा एका आजींनी बजेटच्या कागदावर त्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "माझा दशांश मिशनऱ्यांना जातो ना रे?" मला नीट उत्तर देता आलं नाही, ते फार लागलंय.

कन्व्हेन्शनच्या घटनेचं कलम ३ वाचलंय. प्रत्येक मंडळीला अधिवेशनासाठी दोन प्रतिनिधी तर मिळतातच, दानानुसार बारापर्यंत वाढतात, आणि मिशन बोर्डाला (मिशनरी पाठवणारी कन्व्हेन्शनची संस्था) थेट दिलेलं दानही त्यात धरतात. म्हणजे प्रतिनिधींची अडचण नाही. संबंध तोडायचे नाहीत, रक्कमही कमी करायची नाही. राज्य कार्यालयाला दोनदा मेल केला, उत्तर नाही.

राज्यामार्फतच पैसे पाठवून फक्त हा खर्च वगळा, असं लिहून देता येतं का? तसं दान मग को-ऑपरेटिव्ह प्रोग्रामचंच धरतात का? कुणाच्या मंडळीने असं केलं असेल, तर ठरावात नेमके कोणते शब्द घातले?