लुकिंग ग्लास या अमेरिकन बँडचं ‘ब्रँडी’ पेटी-गिटारवर कसं बसवायचं?

मिऱ्याबंदर: मंडळी, रत्नागिरीत मांडवीला छोटा कार्यक्रम आहे. एक अकूस्टिक गिटार, पेटी आणि तबला. बंदरावरची मुलगी आणि दर्यावर जीव जडलेला खलाशी, म्हणून हे गाणं घ्यायचंय. मूळ पट्टी गायकाला चढते, आणि गिटार-पेटी एकत्र आली की काहीतरी टोचतं. बॅरी मॅनिलोचं ‘मँडी’ म्हणजे हेच का?

दर्यागीत: नाही, ते स्कॉट इंग्लिश आणि रिचर्ड कर यांचं गाणं. त्याचंही नाव आधी ‘ब्रँडी’च होतं, लुकिंग ग्लासचं गाजलेलं असल्यामुळे मॅनिलोनं 1974 मध्ये ‘मँडी’ केलं. तुमचं गाणं एलियट ल्युरीनं लिहिलं आणि गायलंही त्यानंच. शाळेतल्या मैत्रिणीचं नाव रँडी, त्यावरून ब्रँडी. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, तरी ऑगस्ट 1972 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी त्यांचं आणखी एक गाणं 33 पर्यंत पोचलं, एवढंच. ल्युरी नंतर सिनेमांच्या संगीताच्या कामात गेला.
गायकाला एक सांगा: ल्युरीनं खलाशाला खोटारडा केलेलं नाही. दर्या सोडणार नाही हे तो तिला सरळ सांगतो. त्यामुळे ध्रुपदात राग नको, माया हवी.

पांढरीतीन: टोचतंय ते नी आणि सा शेजारी-शेजारी वाजल्यामुळे. मूळ पट्टी ई, म्हणजे पांढरी तीन. पेटी शुद्ध नी धरते आणि गिटारची बारीक तार मोकळी सोडली की तिच्यावर सा घुमत राहतो. अर्ध्या सुराचं घर्षण.
पांढरी दोन घ्या, एक सूर उतरेल. गिटारवर साधा डी (कॉर्ड) नको, दुसऱ्या तारेवर सा येतो. डी मेजर सेव्हन्थ धरा: चौथी तार मोकळी, खालच्या तिन्ही दुसऱ्या पडद्यावर. पेटीनं फक्त ग-प-नी, सा गिटारकडे. सॉफ्ट रॉकचा तो मऊपणा इथेच आहे. मूळ पट्टीत गायचं असेल तर हाच आकार, दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा).
तबल्याला केरवा चालेल, पण वजन तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. पहिल्या-पाचव्यावर दिलं की भजन होतं.

मिऱ्याबंदर: सेव्हन्थनं टोचणं गेलं! पण कॅपो लावून पाहिला तर गिटार चढी वाटते.

पांढरीतीन: कॅपो पडद्याला अगदी चिकटून लावा, पण थेट पडद्याच्या धातूवर नको, आणि लावल्यावर पुन्हा पेटीवरूनच मिळवा, मोबाइलच्या ट्यूनरवरून नाही, पेटी 440 हर्ट्झला (ट्यूनरचा नेहमीचा सूर) असेलच असं नाही. किनाऱ्यावर खारा वारा लागतो, म्हणून वाजवून झाल्यावर तारा खालून-वरून कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर गंज धरून सूर मंद होतो. पेटीच्या पट्ट्या दमटपणानं फुगून अडकतात, म्हणून कार्यक्रमाच्या तासभर आधी सगळ्या दाबून बघा.